पुण्यात पत्रकारिता शिकायची, तर कॉलेज कसं निवडायचं?

निकाल लागले की गावाकडून फोन येऊ लागतात, ‘पोरीला पुण्यात जर्नालिझमला घालायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?’ मी आधी उलट विचारतो, ती मराठीत लिहिणार की इंग्रजीत? पेपरात जायचंय की टीव्हीवर? बहुतेक घरांत यावर बोलणंच झालेलं नसतं आणि थेट फीची चौकशी सुरू होते. माझं ठाम मत आहे की भाषा आधी ठरवा, कॉलेज मग.

मराठीत बातमीदारी करायची असेल, तर मी रानडे इन्स्टिट्यूट सांगतो. मी तिथलाच, त्यामुळे माया आहेच, पण कारणंही आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा हा विभाग १९६४ पासून पत्रकारिता शिकवतोय. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मराठीतली पदविकाही आहे आणि फी खासगी संस्थांच्या मानानं फारच कमी. त्याहून मोलाची आहे ती जागा. फर्ग्युसन रस्त्यावरून निघालं की महापालिका, बालगंधर्व, गांजवे चौकातलं पत्रकार भवन, सगळं हाकेच्या अंतरावर. जिल्हाधिकारी कार्यालय आणि ससून थोडं पुढे. सकाळचं लेक्चर संपवून दुपारी पत्रकार परिषदेला मागच्या खुर्चीत जाऊन बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाच पेपरांत तीच बातमी पाच तऱ्हांनी कशी आली ते ताडून बघायचं. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, कसा लिहितात हे मला या सवयीनं शिकवलं. २०२१ मध्ये हा विभाग विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारातल्या दुसऱ्या विभागात विलीन करायचं ठरलं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी कडाडून विरोध केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. शहराच्या मध्यात असण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

इंग्रजी माध्यमं, जाहिरात किंवा जनसंपर्काकडे ओढा असेल, तर सिंबायोसिसचा विचार जरूर करा. बारावीनंतरची पदवी विमाननगरला, पदव्युत्तर शिक्षण शहराबाहेर लवळ्याच्या टेकडीवर. स्टुडिओ, कॅमेरे, प्लेसमेंट या बाजू भक्कम आहेत, पण खर्च लाखांत जातो. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर एक लक्षात घ्या, मराठी पेपरात सुरुवातीच्या पगारावर तो हप्ता झेपत नाही.

टीव्हीच करायचं असेल तर मुंबईच बघा. मराठी वृत्तवाहिन्यांचं मुख्य काम तिथून चालतं. पुण्यात त्यांचे मोजके प्रतिनिधी असतात, त्यामुळे बातम्या संपादित करणारा डेस्क, बुलेटिन, कोणी कुठली बातमी करायची हे ठरवणारं असाइनमेंट जवळून बघायची संधी इथे कमी.

कोणत्याही कॉलेजात जाल तेव्हा इमारत बघून भुलू नका. गेल्या एक-दोन वर्षांतले प्रायोगिक अंक मागा, म्हणजे विद्यार्थ्यांनीच काढलेला पेपर. त्यात मुलं शहरात फिरून आलेली दिसतात का? की सगळा अंक कॉलेजच्या कार्यक्रमांनी आणि प्राचार्यांच्या फोटोंनी भरलाय? मग शेवटच्या वर्षातल्या एखाद्या ताईला गाठा आणि विचारा, तुमची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, कोण तपासतं? लाल पेननं खुणा करून परत मिळते का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचं वाक्य तुमच्यासमोर खोडून ‘हे कुणी सांगितलं? त्यांच्याशी बोललास का?’ असं विचारणारा शिक्षक मिळाला, तर बाकीच्या उणिवा सोसता येतात. एके ठिकाणी लॅब दाखवताना मोठ्या उत्साहानं संगणक मोजून दाखवले, पण अंक मागितल्यावर मात्र विषय बदलला. तिथे मी कुणालाच पाठवत नाही.

राहण्याचं आधीच बघून ठेवा. सदाशिव पेठ, नवी पेठ स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी गच्च असते. कॉट बेसिसवरची जागाही जून-जुलैत सहज मिळत नाही.

आणि प्रवेश कुठेही घ्या, मराठी टायपिंग आणि इंग्रजी वाचन पहिल्या महिन्यापासून सुरू करा. मराठी दैनिकांत नोकरीच्या चाचणीला बहुतेक वेळा वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी देतात, तिची मराठी बातमी करायची असते. सोबत एखादी लांबलचक प्रेसनोट, ती चार परिच्छेदांत बसवायची.