फोडणीचं तेल मोजून वापरा

बुधलीतून थेट कढईत ओतलेल्या तेलाचा अंदाज हमखास चुकतो, आणि 15 मिली तेलात सुमारे 120 कॅलरी असतात.

1. रविवारी आठवड्याचं तेल छोट्या बाटलीत काढा. माणशी रोज 5 मिलीचे 4 चमचे, म्हणजे चौघांना 560 मिली. पोळीला लावायचं तेलही यातलंच.
2. फोडणी पसरट कढईत नको, लोखंडी कढल्यात करा. तेल तळाशी साचतं, त्यामुळे 2 चमच्यांतही मोहरी नीट तडतडते.
3. सुक्या भाजीवर ताटली झाकून तिच्यात पाणी ठेवा. भाजी खाली लागली तर तेच गरम पाणी शिंपडा.

कढलं पटकन तापतं. हिंग-हळद घालण्याआधी गॅस बंद करा, नाहीतर फोडणी करपते. दाण्याचं कूटही मोजूनच घाला, त्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं.