चाळिशीच्या आसपास चान्स घेताय? मग हे आधी करा

पस्तिशी ओलांडली असेल आणि सहा महिने ट्राय करूनही दिवस राहिले नाहीत तर सरळ डॉक्टरकडे जा, आणि चाळिशी झाली असेल तर सहा महिने पण थांबू नका. मी ३८ ला सुरुवात केली आणि "होईल गं, टेन्शन घेऊ नकोस" ऐकत दीड वर्ष घालवलं, ते आजही टोचतं म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी नवऱ्याची सीमेन टेस्ट. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, बास. आपल्याकडे बाईच्या वर्षभर सोनोग्राफ्या होतात, इंजेक्शनं होतात आणि मग कळतं की काउंटच कमी होता, हे मी जवळून बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

तुमच्या टेस्ट म्हणजे एएमएच (हार्मोनची रक्ताची टेस्ट, कुठल्याही दिवशी चालते), पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच (हीसुद्धा हार्मोनची रक्ताची टेस्ट) आणि सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या छोट्या पिशव्या मोजणं, शिवाय थायरॉइड, शुगर. पाळी संपली की ट्यूब मोकळ्या आहेत का बघायला एचएसजी, म्हणजे पिशवीत डाय सोडून काढलेला एक्स-रे, त्यात कळा येतात म्हणून सोबत कोणीतरी न्या. कधी टीबी झाला असेल, अगदी लहानपणी का होईना, तर सांगाच, कारण पिशवीच्या टीबीने ट्यूब बंद झालेल्या खूप बायका आपल्याकडे सापडतात. फॉलिक अॅसिड डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू करा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. एएमएच वरून अंडी साधारण किती उरलीत ते कळतं, ती कशी आहेत ते नाही, ते वयावर असतं. तिशीत दर महिन्याला दिवस राहण्याचा चान्स साधारण २० टक्के, चाळिशीत ५ च्या आसपास. आणि आयव्हीएफने (टेस्ट ट्यूब बेबीने) हे वय मागे जात नाही! ८ ते १२ दिवस इंजेक्शनं, मग ट्रिगर (अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन), त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडी काढतात, एवढं सगळं करूनही ४३ नंतर स्वतःच्या अंड्यांनी एका सायकलमध्ये बाळ होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपासच राहतं.

म्हणून क्लिनिकमध्ये नुसता "सक्सेस रेट" विचारू नका. माझ्या वयाच्या, स्वतःची अंडी वापरलेल्या किती जणी बाळ घरी घेऊन गेल्या असं विचारा, कारण रिपोर्ट पॉझिटिव्ह येणं वेगळं आणि बाळ हातात येणं वेगळं, आणि डोनरच्या, म्हणजे दुसऱ्या बाईची अंडी वापरलेल्या केसेस त्यात मिसळल्या की आकडा फुगतो. आम्ही पहिल्या ठिकाणी हे विचारलंच नव्हतं, पॅकेजचे पैसे भरून मोकळे झालो.

डोनर अंड्यांचं सुचवलं तर त्याच दिवशी सही करू नका, घरी या, दोघं बोला, रडू आलं तर रडा. तिथे चान्स डोनरच्या वयावर ठरतो, त्यामुळे बराच वाढतो. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे (एआरटी अॅक्ट) डोनर २३ ते ३५ वयाचीच लागते आणि ती आयुष्यात एकदाच देऊ शकते. उपचार घेणाऱ्या बाईला ५० आणि पुरुषाला ५५ ची मर्यादा आहे. क्लिनिक रजिस्टर्ड आहे का, तेही बघून घ्या.

आणि दिवस राहिले की ११ ते १३ आठवड्यांच्या एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजून डाउन सिंड्रोमसारख्या दोषांचा अंदाज घेणारी सोनोग्राफी) अपॉइंटमेंट लगेच घेऊन ठेवा, चाळिशीत डाउन सिंड्रोमची शक्यता साधारण १०० त १ असते, तो स्कॅन चुकवू नका.