माळ्यावर सापडलेला जुना कॅमेरा कसा ओळखावा

घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि जुन्या पासबुकांच्या खाली, एखादा काळा कॅमेरा सापडतो आणि तो कुठला, केव्हाचा हे घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी बहुतेक जण समोर दिसणारे ठळक अक्षर वाचून तेच कॅमेऱ्याचे नाव समजतात, आणि घोटाळा तिथेच होतो. समोर भिंगाभोवती कोरलेली नावे बहुधा भिंग आणि शटर (उजेड क्षणभरच आत सोडणारी झडप) बनवणाऱ्यांची असतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे नाव शोधावे लागते.

त्याआधी एक पथ्य पाळावे. मागचे झाकण लगेच उघडू नये. आमच्या एका नातलगांनी मोठ्या उत्साहाने ते भर अंगणात उघडले, आणि आत अर्धवट वापरलेली फिल्म होती हे सर्वांना एकदमच कळले. मागे लाल काचेची बारीक खिडकी असेल तर कॅमेरा रोल फिल्मचा, म्हणजे कागदासह रिळावर गुंडाळलेल्या फिल्मचा आहे. फिल्म पुढे सरकवणारी किल्ली बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून पाहावी आणि ताण जाणवल्यास तो सुटेपर्यंत फिरवत राहावी, म्हणजे फिल्म पूर्णपणे आपल्या कागदात गुंडाळली जाते. नंतरच, मंद उजेडात, झाकण काढावे. किल्ली अडली तर जोर लावू नये.

झाकण उघडल्यावर आत उरलेले रीळ पाहावे, कारण कॅमेऱ्याच्या वयाचा पहिला पुरावा तेच देते. १२७ क्रमांकाची अरुंद फिल्म १९१२ मध्ये कोडॅकच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याबरोबर आली. ६२० क्रमांकाची फिल्म १९३० च्या दशकाच्या आरंभी आली आणि १९९५ मध्ये बंद झाली. १२० क्रमांकाची मात्र १९०१ पासून आजतागायत मिळते, त्यामुळे तिच्यावरून वय कळत नाही. १२० आणि ६२० यांची फिल्म सारख्याच रुंदीची असते. ६२० चे रीळ बारीक असते, एवढाच फरक. पुष्कळदा आतल्या बाजूस कोणती फिल्म घालावी हेही छापलेले असते. कोडॅकच्या पाठीवर लहानशी झडप आणि शेजारी धातूची लेखणी असेल, तर तो १९१४ मध्ये आलेल्या, फिल्मच्या कडेवर टीप लिहू देणाऱ्या पद्धतीचा, म्हणजे त्यानंतरचा असतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका परिचितांकडे भात्याचा, घडी होणारा कॅमेरा निघाला. शटरवर ‘कॉम्पूर-रॅपिड’, भिंगाच्या कडेवर ‘कार्ल झाइस येना टेसार’ आणि १०.५ सेंटिमीटर हे भिंगाचे नाभीय अंतर कोरलेले होते, त्यामुळे घरात कोणी त्याला कॉम्पूर म्हणत होते, कोणी टेसार. परंतु कॉम्पूर हे म्युनिकच्या डेकेल कारखान्याचे शटर आणि टेसार हे येना येथील भिंग. दोन्ही कितीतरी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर बसवली जात. कॅमेऱ्याची कंपनी झाइस इकॉन, आणि चामड्यावर दाबून उमटवलेला, बोटाला लागणारा पण डोळ्यांना तिरप्या उजेडातच दिसणारा ‘५२०/२’ हा आकडा म्हणजे ‘इकॉन्टा’ मालिकेतील ६×९ सेंटिमीटर आकाराचा नमुना. झाइस इकॉन ही कंपनीच १९२६ मध्ये चार कंपन्यांच्या विलीनीकरणातून ड्रेस्डेन येथे उभी राहिली, त्यामुळे हा कॅमेरा त्याआधीचा असणे शक्य नाही. आणि कॉम्पूर-रॅपिड शटर १९३० च्या दशकाच्या मध्यास आले, म्हणून तारीख आणखी पुढे सरकते. कॅमेरा त्याच्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुना असू शकत नाही, मात्र मधल्या काळात एखादा भाग बदलला असेल ही शंका मनात ठेवावी.

भिंग उजेडात तिरके धरले असता निळसर-जांभळी झाक दिसली तर ते बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचे. शटरचे वेग २५, ५०, १०० (म्हणजे सेकंदाचा तितकावा भाग) असे असतील तर जुनी पद्धत. ३०, ६०, १२५ ही मांडणी १९५० च्या दशकात रुळली. अमेरिकन कोडॅक भिंगांवर १९४० पासून क्रमांकाआधी दोन अक्षरे येतात. सी, ए, एम, ई, आर, ओ, एस, आय, टी, वाय यांना अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य मानल्यास ‘ई-ओ’ म्हणजे ४६, अर्थात १९४६. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असलेल्या जपानमध्ये बनवलेले, अशी इंग्रजी मोहोर १९४७ ते १९५२ या काळाची.

आपल्याकडे सापडणारे सगळेच परदेशी नसतात. अग्फा क्लिक थ्री हा १२० फिल्मवर १२ चौकोनी छायाचित्रे देणारा कॅमेरा बडोद्यात बनत असे. तिपाईवरचा मोठा सागवानी कॅमेरा केरळमधील आलप्पुळ्याच्या वागेश्वरीचाही असू शकतो. लाकडी कॅमेऱ्यावरची पितळी पट्टी मात्र जपून वाचावी, कारण ती कित्येकदा विक्रेत्याची असते.

‘लायका’ असे नामांकित जर्मन कॅमेऱ्याचे नाव कोरलेले आढळल्यास लगेच हुरळून जाऊ नये. सोव्हिएत फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर ते नाव कोरून विकण्याचा धंदा जोरात चालला. भिंग काढून आतील अंतर मोजणारा दांडा पाहावा: लायकामध्ये त्याच्या टोकाला गोल चाक असते, सोव्हिएत नकलेत पाचरीसारखा चपटा तुकडा.

शेवटी घरातला जुना अल्बम काढावा. त्या काळी लहान छायाचित्रे बहुधा निगेटिव्हच्याच मापाची छापत, म्हणून कडेची पांढरी पट्टी सोडून मधले चित्र पट्टीने मोजावे आणि कॅमेऱ्याच्या आतील चौकटीशी ताडून पाहावे. वर सांगितलेल्या परिचितांकडे दोन्ही मापे जुळली, आणि विहिरीच्या काठावर आजी बसलेल्या त्या फोटोच्या मागे पेन्सिलीने १९३८ लिहिलेले होते.