फॉसिलमधला प्राणी दाखवा

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "कोळशाला फॉसिल फ्युएल का म्हणतात?" मी ठोकून दिलं, "सर, प्राण्यांचे जीवाश्म होऊन त्यांचा कोळसा बनतो म्हणून." सरांनी टेबलावरचा कोळशाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. "बरं, यातला प्राणी दाखवा."

मार्क गेले ते गेलेच. कोळसा झाडापाल्याचा असतो, हे दहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. इंदूरला रामबागेत घरी आले आणि चिडून शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये 'फोदेरे' म्हणजे खणणे, त्यावरून 'फॉसिलिस', म्हणजे खणून काढलेलं. संपलं. त्यात ना जीव, ना अश्म. मग डोक्यात आलं की आपल्याकडे 'खन्'वरून खनिज होतं ते नेमकं हेच. म्हणजे फॉसिलचा खरा सख्खा भाऊ जीवाश्म नव्हे, खनिज! फॉसिल फ्युएल हा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थही एवढाच होता: लाकूड तोडून आणायचं, कोळसा खणून. जुना अर्थ त्या जोडशब्दात तसाच अडकून राहिला आणि आपण त्याचं 'जीवाश्म इंधन' करून टाकलं.

भूशास्त्राला नव्याने आलेल्या मुलांना मी म्हणूनच पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगते. शब्द कोणत्या साली लिहिलाय ते आधी बघा, अर्थ मग लावा.

अ‍ॅग्रिकोलाचं उदाहरण घ्या. हा खनिजांचा अभ्यास करणारा जर्मन विद्वान. १५४६ साली त्याने फॉसिलांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात माती आहे, मीठ आहे, रत्नं आहेत, धातू आहेत. हाडं-शिंपले शोधत बसलात तर तो माणूस वेडा होता असंच वाटेल. त्याच्या लेखी जमिनीतून निघालं ते सगळं फॉसिल. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये वुडवर्ड नावाच्या निसर्गअभ्यासकाने आपल्या संग्रहाची यादी केली, तीत दोन गट पाडले: जमिनीचे मूळचे फॉसिल आणि बाहेरून आलेले परके फॉसिल. शिंपले, दात वगैरे त्या परक्यांत. एकोणिसाव्या शतकात या परक्यांनीच घर बळकावलं आणि मूळचे बिचारे मिनरल होऊन बाहेर पडले.

मधला सगळ्यात सुंदर टप्पा स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाचा. माल्टा बेटावर त्रिकोणी, धारदार दगड सापडायचे. लोक त्यांना सापाच्या दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर एक मोठा शार्क पकडला गेला आणि त्याचं डोकं स्टेनोकडे आलं. त्याने जबडा उघडून पाहिला, तर त्या 'जिभा' तिथे रांगेने बसलेल्या! मी हे वाचलं होतं, पण पटलं ते धार जिल्ह्यातल्या बाघ गावाजवळच्या खडकांच्या थरांतला एक शार्कचा दात तळहातावर घेतल्यावर. नखाएवढा, कडेला अजून चकाकी. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून इतका आत आला होता, हे आपल्या इंदूरच्या माणसाला सांगा. पोह्यांची प्लेट हातात तशीच धरून तो तुमच्याकडे बघत राहतो.

त्याच भागात पहिली फील्ड ट्रिप झाली. धारच्या पुढे गाडी लागून माझी अवस्था वाईट, त्यात सरांनी एका लालसर खडकावर अ‍ॅसिडचा थेंब टाकायला लावला. फसफसला. चुनखडक. नाव? कोरलाइन लाइमस्टोन. मी लगेच वहीत 'प्रवाळ' लिहिलं. सर म्हणाले, भिंग लावून बघ. दहापट भिंगातून दिसल्या बारीक जाळीदार काड्या, त्या ब्रायोझोआ नावाच्या चिमुकल्या वसाहती जीवांच्या. नावात प्रवाळ, खडकात भलतंच! जुन्या लोकांना जे दिसलं त्यावरून त्यांनी नाव ठेवलं, आता ते बदलणार कोण? वहीतलं 'प्रवाळ' मी खोडलं नाही, शेजारी भिंगातलं चित्र काढलं.

आता कामाचं. इथे मुलाची तीन भाषांत ओढाताण होते. वर्गात 'अवसादी शैल', घरी 'गाळाचा खडक', परीक्षेत सेडिमेंटरी रॉक. तिन्ही एका ओळीत लिहा, पुढे शब्दाचा मूळ धातू आणि साल. मी ही वही तिसऱ्या वर्षी सुरू केली, पहिल्याच वर्षी करायला हवी होती. एमएस्सी प्रवेशाच्या आयआयटी जॅमला किंवा यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला बसाल तेव्हा व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही. आणि 'जीवाश्म'मधल्या 'अश्म'वर फार विसंबू नका. राळेत अडकलेला किडा दगड झालेला नसतो, तरी तो फॉसिलच. पावलाचा ठसा तर शरीराचा भागही नाही, तोही फॉसिल. हातोडा मात्र सांभाळून. संरक्षित जागेत तो पिशवीतून काढायचाच नाही.

आमच्या आजीच्या देवघरात शाळिग्राम होता. तो गंडकीतला अ‍ॅमोनाइट, शिंपल्यांच्या दूरच्या नात्यातला, हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "असेल. आंघोळ केल्याशिवाय हात लावू नकोस."

२०२३ मध्ये धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावची बातमी आली तेव्हा तिची आठवण झाली. शेतात खणताना निघालेले गोल दगड तिथले लोक 'काकर भैरव' म्हणून पूजत होते; शेताचा, गुराढोरांचा राखणदार. प्राचीन जीवांचा अभ्यास करणाऱ्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे लोक आले आणि ती डायनोसॉरची अंडी असल्याचं सांगितलं. मुलांना ही बातमी वाचायला देते आणि विचारते, ओळखण्याआधी ते दगड फॉसिल होते की नाही? बहुतेक जण 'नाही' म्हणतात. एका मुलीने मात्र वही उघडली, 'खणून काढलेलं' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, कोणत्या सालाच्या हिशेबाने?"