प्रोबायोटिक पावडर सादळू देऊ नका: पुडी ठेवायची कशी, कालवायची कशी, आणि कुठे उघडायची नाही

"ही फ्रीजमध्ये ठेवायची का हो?" प्रोबायोटिकची पुडी हातात घेतली की बरेच जण काउंटरवर हा प्रश्न विचारतात. जे न विचारता निघून जातात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. कोकणातल्या एका मेडिकलमध्ये मी बरीच वर्षं उभी आहे. जुलैत भिंतींना ओल येते, पापड तासाभरात सादळतात. अशा हवेत अर्धी वापरून घडी घातलेली पुडी खिडकीत ठेवलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव, आणि या पावडरीत तेच असतात. कारखान्यात जिवाणू वाढवतात, ते गोठवतात आणि मग निर्वात पोकळीत त्यातला बर्फ थेट वाफ करून काढून टाकतात. पाणी गेलं की जिवाणू मरत नाहीत, निद्रिस्त होतात. ही झोप कोरडेपणावर टिकलेली असते. हवेतला ओलावा आत शिरला की पेशींतल्या क्रिया पुन्हा सुरू होतात, पण वाढायला पुरेसं पाणी आणि अन्न मिळत नाही आणि ते हळूहळू मरू लागतात. उष्णतेने हेच आणखी वेगाने होतं. ओल आणि ऊन एकत्र आले तर पुडी महिनाभरातही निकामी होऊ शकते, आणि बाहेरून तिच्यात काहीच बदल दिसत नाही.

पहिलं काम: पुडीवरचं बारीक नाव वाचा

पुढे मोठ्या अक्षरात छापलेलं नाव कंपनीचं असतं. आपल्याला मागचं हवं. तिथे साधारण तीन जातींपैकी एक सापडते.

लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम असेल तर माल नाजूक समजा. (२०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसच्या कुळाची नव्याने वाटणी झाली. त्यामुळे काही पाकिटांवर 'लॅक्टिकेसीबॅसिलस' असं लांबलचक नाव दिसेल. जिवाणू तोच.) यांतल्या काही पुड्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, काही २५ अंशांखाली चालतात. ते लेबलच सांगतं.

बॅसिलस क्लॉसाय किंवा बॅसिलस कोअॅग्युलन्स असेल तर ते बीजाणूंच्या रूपात असतात. बीजाणू म्हणजे कडक कवचात बंद झालेला जिवाणू. हे उष्णता बरीच सोसतात, म्हणून सहसा फ्रीज लागत नाही.

सॅक्रोमायसिस बोलार्डी असेल तर तो जिवाणू नव्हे, यीस्ट आहे, म्हणजे एकपेशीय बुरशी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्यासाठी वेगळी खबरदारी आहे.

आकड्यांचा घोळही इथेच मिटवून घ्या. १ बिलियन म्हणजे १०० कोटी. '५ बिलियन सीएफयू' लिहिलं असेल तर त्या मात्रेत वाढू शकणारे ५०० कोटी जीव असल्याचा दावा आहे. हा आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे पाहा. मुदतीपर्यंतची हमी देणारं पाकीट मी कधीही आधी निवडेन.

ठेवायची कुठे

'थंड व कोरड्या जागी' हे लेबलवरचं वाक्य आपण वाचतो आणि पुडी फ्रीजच्या डोक्यावर ठेवून देतो. औषधांची परडी तिथे असणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. पण फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे वरची जागा खोलीपेक्षा गरम राहते. गॅसजवळची मांडणी, कुकरची वाफ लागणारं फडताळ आणि न्हाणीघरातलं कपाटही तितकंच वाईट.

२५ अंशांखाली ठेवायला सांगितलेली पुडी आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद खोलीतलं कपाटही २५ अंशांवर राहत नाही. अशा वेळी पुडी हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवणं शहाणपणाचं. ठेवताना मधला कप्पा निवडा. फ्रीजचं दार दिवसातून पन्नासदा उघडतं, दाराच्या कप्प्यात तापमान सारखं वरखाली होतं.

डबीत येणारी सिलिका जेलची छोटी पिशवी फेकू नका, ती ओल शोषते. पावडर सुबक काचेच्या बरणीत ओतून ठेवायचा मोहही टाळा. पुडीच्या अॅल्युमिनियमच्या थरातून हवा, उजेड आणि बाष्प आत जात नाही. ते काम बरणी करू शकत नाही.

वीज चार-पाच तास गेली तर घाबरून पुड्या टाकू नका. फ्रीजचं दार बंद ठेवा. प्रवासात मात्र उन्हातल्या बंद गाडीत पुडी कधीच सोडू नका. एसटीने दूर जायचं असेल तर पुड्या झिपच्या पिशवीत, ती पिशवी टॉवेलात आणि टॉवेल बर्फाच्या पॅकशेजारी ठेवा. बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका.

फ्रीजमधून काढलेली डबी लगेच उघडू नका

ही चूक इतकी सहज होते की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा. थंड तांब्या बाहेर ठेवला की त्याला पाणी सुटतं. थंड डबी दमट हवेत उघडली की तेच पाणी पावडरीवर सुटतं. एका वेळची पुडी असेल तर फारसं बिघडत नाही, कारण ती लगेच संपते. महिनाभर पुरणारी डबी असेल तर रोज थोडी ओल आत जाते. डबी बंदच ठेवून वीसेक मिनिटं ओट्यावर राहू द्या, मग उघडा. कोरड्या चमच्याने पावडर घ्या, झाकण लावा आणि परत ठेवा. चमचा आधी धुतला असेल तर पुसून पूर्ण वाळवा.

कालवायची कशी

हात साबणाने धुऊन कोरडे करा. वाटीत दोन-तीन चमचे पाणी घ्या, साधं किंवा जेमतेम कोमट. बाळाचं दूध मनगटावर थेंब टाकून पाहतो तसं पाहा, गरम लागलं तर थांबा. उकळतं दूध, चहा, वाफाळतं वरण यांत पावडर घातली तर नाजूक जिवाणू तिथेच मरतात. पुडी तोंडापासून लांब धरून हळू ओता. भुकटी फार बारीक असते, श्वासातून आत जाता कामा नये. कालवलं की लगेच द्या.

तान्ह्या बाळाच्या भरलेल्या बाटलीत पुडी घालू नका. बाळाने अर्धं दूध सोडलं तर किती मात्रा पोटात गेली ते कळणार नाही. ओआरएसच्या लिटरभर पाण्यात मिसळून दिवसभर पुरवू नका. आणि मूल जुलाबांनी गळून गेलं असेल तर आधी ओआरएस. डॉक्टरांनी दिलेलं झिंकही चुकवू नका. पुडी या दोन्हींची जागा घेत नाही.

अँटिबायोटिक चालू असेल तर साधारण दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. बोलार्डी यीस्टवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही, बुरशीविरोधी औषधाचा होतो. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्यांनी घटक वाचूनच घ्यावं. जिवाणू वाढवताना किंवा वाळवताना दुधाचा वापर झालेला असू शकतो.

घरात फार आजारी माणूस असेल तर

निरोगी माणसाला या पुड्या सहसा त्रास देत नाहीत. पण छातीत किंवा मानेत मोठ्या शिरेत नळी असलेला रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेला रुग्ण घरात असेल तर गोष्ट वेगळी आहे. बोलार्डीची पुडी फाडताना उडालेले यीस्टचे कण हातावरून किंवा हवेतून त्या नळीपर्यंत पोहोचून रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी म्हणूनच गंभीर आजारी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना हे यीस्ट देऊ नये, असं ठरवलं. पुडी घरातल्या दुसऱ्या कुणासाठी असली तरी रुग्णाच्या खोलीत फाडू नका. दुसऱ्या खोलीत, हातमोजे घालून कालवा, मोजे टाका, हात धुवा. सांडलेली पावडर झाडूने झटकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांबद्दल तर अजिबात स्वतःच्या मनाने काही करू नका. २०१४ साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये अशा एका बाळाला दिलेल्या प्रोबायोटिक पावडरीत बुरशी मिसळलेली होती. बाळ दगावलं. न उघडलेल्या डब्यांतही तीच बुरशी सापडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना मुदतपूर्व बाळांबाबत पुन्हा इशारा दिला. शेजारच्या बाळाला लागू पडलेली पुडी आपल्या अशक्त बाळाला देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना फोन करा, रात्र झाली असली तरी.

बिघडली कशी ओळखायची

पावडरीचे गठ्ठे झाले, रंग पिवळट पडला, वास बदलला, पुडी फुगली किंवा शिवणीत उघडली असेल तर टाका. मुदत संपली असेल तरीही टाका.

काही जण पुडी दुधात घालून दही लागतं का ते पाहतात. याचा उपयोग नाही. बोलार्डी यीस्टला दुधातली साखर वापरताच येत नाही, ती पुडी ताजी असली तरी दूध दूधच राहील. आणि दही लागलं तरी त्यात ५०० कोटी जीव उरलेत की ५ कोटी, हे दह्यावरून कळत नाही.

अर्धी पुडी द्यायला सांगितली असेल तर उरलेली अर्धी दुमडून ठेवू नका. कमी मात्रेची पुडी मिळते का, हे मेडिकलमध्ये विचारा. डबी उघडली त्या दिवशीची तारीख झाकणावर पेनने लिहा. 'उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा' ही ओळ लेबलवर असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.