कोल्हापूरहून जॉर्डन: वाळवंटातला रस्ता आणि पहिले स्नॉर्केलिंग

जॉर्डनची सहल आखताना बहुतेक कुटुंबे पेट्रा हे प्राचीन शहर आणि वादी रमचे वाळवंट यांच्या हिशेबात गुंततात आणि तांबड्या समुद्रावरच्या अकाबा शहरातले स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे जग पाहणे) शेवटच्या दिवशी ‘जमले तर’ म्हणून ठेवतात. तयारीचा क्रम मात्र उलटा असावा. वाळवंटाची तयारी चार दिवसांत होते. पाण्यात तोंड बुडवून संथपणे श्वास घेण्याची सवय लागायला महिना तरी हवा, आणि ती कोल्हापुरातच लावून घ्यावी. दिवाळीची सुट्टी या सहलीला सोयीची आहे, कारण तेव्हा वाळवंटातला उन्हाळा ओसरलेला असतो आणि तांबड्या समुद्राचे पाणी अजून उबदार असते.

आपल्याकडे अनेकजण विहिरीत किंवा पंचगंगेत पोहायला शिकलेले असतात. ते धीट असतात, पण मान वर काढून, हातपाय जोरात मारत पोहतात आणि स्नॉर्केलिंगमध्ये नेमकी हीच सवय आड येते. जलतरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मास्क लावावा, नळी तोंडात धरावी, चेहरा पाण्यात ठेवावा आणि फक्त तोंडाने सावकाश श्वास घेत राहावे. हे जमल्यावर अंग सैल सोडून तरंगावे. नळीत पाणी शिरले की डोके झटकन वर काढण्याऐवजी एक जोरदार फुंकर मारून ते बाहेर टाकायला शिकावे. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. मे महिन्याच्या सुट्टीत राधानगरी-फोंडा घाटाने मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा सराव केला, तर लाटांची आणि खाऱ्या पाण्याची धास्ती तिथेच संपते.

मास्क प्रत्येकाचा स्वतःचा असावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला, तर तो चेहऱ्याला बसतो असे समजावे. भरघोस मिशा राखणाऱ्यांना मात्र येथे थोडी तडजोड करावी लागते, कारण सिलिकॉनची कड केसांवर घट्ट बसत नाही आणि पाणी थेंबाथेंबाने नाकाशी साचते. नाकाच्या लगेच खालची बोटभर पट्टी साफ केली की काम भागते आणि मिशीचा रुबाबही फारसा कमी होत नाही. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरचे मास्क मिळतात. ते आधीच घ्यावेत, कारण चष्म्यावरून मास्क लावता येत नाही.

सामान बांधताना घरची कांदा-लसूण चटणी पिशवीत जातेच. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल, तर त्या मसाल्यात खसखस नाही याची खात्री करून घ्यावी, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि विमान बदलतानाच्या मधल्या थांब्यावरही तिचा त्रास होऊ शकतो. घरात मसाला कुटताना खसखस घातलेली असेल, तर तो डबा घरीच ठेवावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवाससूचना तिकीट काढण्यापूर्वी पाहाव्यात. ‘जॉर्डन पास’ आधी घेतला आणि देशात किमान तीन रात्री राहिले, तर व्हिसाचे शुल्क माफ होते. पेट्रा आणि वादी रम यांचा प्रवेशही त्यातच येतो.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना निघाल्यापासून एक वर्ष चालतो. राजधानी अम्मानचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, अकाबाकडे जाणाऱ्या ‘डेझर्ट हायवे’ या महामार्गाच्या वाटेवरच आहे, त्यामुळे भाड्याची गाडी तिथेच घेतली की शहराच्या गर्दीत शिरण्याची गरज उरत नाही. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. पहिले काही तास इंडिकेटर द्यायला गेलेला हात वायपर सुरू करतो, कारण दोन्ही दांड्यांच्या जागा बदललेल्या असतात. म्हणून विमानतळाच्या पार्किंगमध्येच दोन फेऱ्या माराव्यात. ताराराणी चौकातून गाडी काढणाऱ्याला तिथली गर्दी अवघड वाटणार नाही, पण गोल चौकात उजवीकडे वळून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचे आणि आत असलेल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचे, हे मनाशी पक्के करावे लागते. शेजारी बसणाऱ्याने दर वळणाला ‘उजवीकडून’ असे मोठ्याने म्हणावे.

रात्री गाडी चालवू नये. उंट रस्त्यावर येतात, वाऱ्याने वाळू वाहून येते आणि गावांतले गतिरोधक दुरून दिसत नाहीत. पेट्रोल अर्ध्यावर आले की भरावे, गाडीत माणशी चार लिटर पाणी असावे आणि पासपोर्ट व गाडीची कागदपत्रे हाताशी ठेवावीत.

वादी रमला २०११ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेथे भाड्याची गाडी वाळूत घालू नये. विमा सहसा ते नुकसान भरून देत नाही. ती गावात उभी करून बेदुईन (वाळवंटी जमातीच्या) चालकाच्या फोरव्हील पिकअपमधून आत जावे. मागच्या बाकांवर बसताना तोंडाला रुमाल बांधावा. दुपारी अंगातून घाम निघतो आणि रात्री तंबूत स्वेटर लागतो, म्हणून दोन्ही कपडे एकाच पिशवीत ठेवावेत. जेवणाला वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजवलेले मांस आणि भाज्या असतात. ते चविष्ट असते, पण झणझणीत नसते.

वाळवंट आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम ठेवावा. वादी रमहून सुमारे ६० किलोमीटरवर अकाबा आहे. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर फक्त पाण्याची ओळख करून घ्यावी. दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळ काठाजवळच सुरू होतात आणि १९९९ मध्ये मुद्दाम बुडवलेला जुना रणगाडा सुमारे सहा मीटर खोलीवर वरूनही दिसतो. सकाळी लवकर उतरावे, कारण दुपारी उत्तरेचा वारा जोर धरतो. जाताना वाऱ्याविरुद्ध गेले की थकल्यावर परतणे सोपे होते. पोहता न येणाऱ्याने लाइफ जॅकेट घालावे आणि कोणीही एकट्याने पाण्यात जाऊ नये. उभे राहायचे झाल्यास वाळूवरच पाय टेकावेत, प्रवाळावर कधीही नाही: ते जिवंत असते, धारदार असते आणि जवळच समुद्री साळींचे काटे किंवा दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असू शकतो. तरंगताना हालचाल थांबवली, तर पोपटमासा प्रवाळ कुरतडतानाचा कटकट आवाज स्पष्ट ऐकू येतो. पाण्यात ऊन जाणवत नाही, पण पाठ आणि गुडघ्यांमागची त्वचा भाजते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख त्यावर उत्तम उपाय असून सार्वजनिक किनाऱ्यावर महिलांनाही तो सोयीचा ठरतो.

घरातल्या कोणाला स्कूबाचा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरण्याचा) मोह झाला, तर मात्र हिशेब बदलतो. स्नॉर्केलिंगनंतर लगेच विमानात बसता येते, पण स्कूबानंतर १८ ते २४ तास थांबणे सुरक्षित असते. स्कूबानंतर लगेच उंचीवर जाणे टाळायचे असते आणि अकाबाहून पेट्राकडचा रस्ताही हजार मीटरहून उंच चढतो, म्हणून स्कूबा करायचा असेल, तर पेट्रा आधी उरकावे आणि विमानाचे तिकीट दुसऱ्या दिवशी रात्रीचे काढावे.