मुलांचा खर्च रोख न देता वाटून घेताय? सही करायच्या आधी हे बघा

आमचा घटस्फोट म्युच्युअल कन्सेंटने, म्हणजे दोघांच्या संमतीने झाला तेव्हा ठरलं होतं की दर महिन्याला पैसे हातात द्यायचे-घ्यायचे नाहीत, फी आणि मेडिक्लेम मुलीचा बाबा भरेल, राहणं-खाणं माझ्याकडे. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये, एवढंच लिहिलं. कधीपर्यंत भरेल ते लिहिलंच नाही, आणि सगळं तिथेच फसलं.

तर आधी वर्षाचा खर्च कागदावर काढा. किराणा, कपडे ते तुम्हाला कळतंच. फी, व्हॅन, पुस्तकं, क्लास, डॉक्टर, प्रत्येकापुढे कोण भरणार आणि किती तारखेपर्यंत. तारीख लिहा! "फी वडील भरतील" हे पुरत नाही, "शाळेच्या मुदतीच्या सात दिवस आधी, थेट शाळेच्या खात्यात, पावती त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर" असं पाहिजे.

मेडिक्लेम तर तारखेशिवाय मान्यच करू नका. आमची पॉलिसी त्याच्या नावावर, मेसेज त्याच्या मोबाईलवर, मला कळणार कसं? वर्षाचा हप्ता असेल तर मुदत संपल्यावर 30 दिवसांचा ग्रेस पीरियड असतो, त्यात भरलं तर आधीची वर्षं धरली जातात पण मधल्या दिवसांतलं आजारपण कव्हर होत नाही, आणि तेही 30 दिवस गेले की नवी पॉलिसी आणि आधीपासूनच्या आजारांचं वेटिंग (तोवर त्या आजारांचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून, ते 3 वर्षांपर्यंत असू शकतं. माझ्या लेकीला दमा आहे. तिची वेटिंगची दोन वर्षं भरली होती, ती गेली, आणि नंतर अ‍ॅडमिट करावं लागलं तेव्हा अख्खं बिल मी भरलं. तो विसरला होता, मुद्दाम नाही केलं त्याने, पण लेकीचं नुकसान व्हायचं ते झालंच. म्हणून रिन्युअलची तारीख टर्म्समध्ये पण हवी आणि तुमच्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये पण, आणि ती 15 दिवस आधीची.

फी ही महिन्याच्या पोटगीऐवजी आहे की पोटगीशिवाय वेगळी, तो एक शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे थकबाकीवरून भांडण ठरलेलं. फी वाढली तर वाढीव कोण देणार तेही. "यापुढे मुलीसाठी काही मागणार नाही" असलं वाक्य कुणी घालायला सांगितलं तर अजिबात घालू नका, तो हक्क मुलीचा आहे, आपण सोडायचा नाही. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट असेल तर कलम 26 प्रमाणे मुलांच्या खर्चाचा आदेश नंतरही बदलून मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा फॅमिली कोर्टात अर्ज, पुन्हा तारखा, त्यापेक्षा आत्ताच नीट लिहा.

बाकी पावत्यांची एक फाईल, ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी, आणि वयाच्या 18 नंतर कॉलेजचं कोण बघणार तेही लिहा. आणि सही करताना प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघा, तारीख आहे ना.